सुरुवातीच्या महिन्यांतला गर्भपात: ‘तू काय केलं होतंस?’ या प्रश्नाबद्दल

मोगरा_मानेवाडा
३ ऑगस्ट, रात्री ११.२०

तीन महिने झाले, आता लिहू शकेन असं वाटतंय.

मे महिन्यात माझा गर्भपात झाला. पाळीच्या तारखेप्रमाणे आठ आठवडे चार दिवस झाले होते. धंतोलीत सोनोग्राफीला गेलो, बाहेर ४५ डिग्री आणि आत एसीत मी कुडकुडत होते. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वाढ सहा आठवड्यांच्या आसपास थांबलेली दिसते, ठोके दिसत नाहीत, पण गर्भाची लांबी ५ मिलिमीटरच आहे, त्यामुळे आज मी काही ठरवणार नाही, दहा दिवसांनी परत या. ते दहा दिवस कसे गेले ते लिहीत नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच दिसलं.

मला सकाळी उलटी व्हायची, तेव्हाही होतच होती. रक्ताचा थेंब नव्हता. पोट दुखत नव्हतं. म्हणजे आत सगळं थांबलेलं आणि मी रोज सकाळी उलटी झाली म्हणून खूश.

घरी कळल्यावर आत्याचा फोन आला, ‘हिंगण्याला ॲक्टिव्हावर जात होतीस ना?’ मोठ्या जाऊबाईंना रामटेकच्या गडाच्या पायऱ्या आठवल्या, लग्नाला गेलो होतो तेव्हाच्या. शेजारच्या काकूंनी पपईचं विचारलं. आई काहीच बोलली नाही. आठवडाभराने स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, ‘गव्हाचं पोतं तूच सरकवलं होतंस का गं त्या दिवशी?’ तिचा प्रश्न सगळ्यांत जास्त लागला, कारण त्यात राग नव्हता. तिला कारण हवं होतं. मलाही हवं होतं. रात्र-रात्र कॅलेंडर उघडून मी एप्रिलचा एकेक दिवस तपासत होते. १४ तारखेला काय खाल्लं, १९ ला किती वाजता झोपले.

माझ्या डॉक्टर म्हणाल्या, तुझ्या हातून काही झालेलं नाही. त्या बऱ्या आहेत, पण बाहेर पंधरा जणी बसल्या होत्या, त्यामुळे यापुढे बोलणं झालं नाही. हे असं का होतं, नीट, शेवटपर्यंत कुणी सांगेल का? आणि उलट्या का थांबल्या नव्हत्या?


निशिगंध२२
४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मोगरा, माझ्याकडून एक मिठी. मला कूलरमध्ये पाणी भरायच्या बादलीवरून ऐकवलं होतं. नागपुरात उन्हाळ्यात कोणती बाई कूलर भरत नाही?


डॉ_वैदर्भी
४ ऑगस्ट, दुपारी ३.४०

मोगरा, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुझी फाईल पाहिलेली नाही, त्यामुळे तुझ्या एकटीच्या बाबतीत नेमकं कारण मी सांगू शकत नाही. सर्वसाधारणपणे काय होतं ते सांगते. घाईच्या ओपीडीत हे सांगायचं राहून जातं, आणि ती चूक आम्हा डॉक्टरांची आहे.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची आणि २३ बापाकडची. बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुट्या व्हायला हव्यात. कधी एखादी जोडी सुटतच नाही. मग गर्भात ४६ ऐवजी ४७ किंवा ४५ येतात. १६ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असणं, हा गर्भपातांत सगळ्यांत जास्त सापडणारा प्रकार. असा गर्भ रुजतो, थोडे आठवडे वाढतो आणि थांबतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या साधारण निम्म्या गर्भपातांत असा गुणसूत्रांचा बिघाड असतो. आता महत्त्वाचं: हा बिघाड गर्भ राहतो त्याच दिवशी ठरलेला असतो, तुझी पाळी चुकायच्याही आधी. रामटेकच्या पायऱ्या तू त्यानंतर चढलीस.

किती जणींना होतं? दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० जणींपैकी १० ते २० जणींना. त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. वयाप्रमाणे हे प्रमाण वाढतं, चाळिशीच्या आसपास ते दहात चारपर्यंत जातं, कारण बीजांडाचं वय बाईच्या वयाइतकंच असतं आणि जोड्या सुटण्यात चुका वाढतात.

उलट्यांचं. उलट्या गर्भाच्या ठोक्यांमुळे होत नाहीत. गर्भाभोवतीच्या ज्या पेशींची पुढे वार बनते, त्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतात. गर्भाची वाढ थांबल्यावरही या पेशी काही दिवस, कधी काही आठवडे काम करत राहतात. म्हणून उलट्या होतात, छाती जड राहते, प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेषा येतात. तुझ्या शरीरानं तुला फसवलं नाही गं, त्याला अजून कळलेलं नव्हतं.

तुझ्या डॉक्टरांनी दहा दिवस थांबवलं ते अगदी बरोबर केलं. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवीतली गर्भाची थैली सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच पहिल्या खेपेत निदान करता येतं. त्याहून कमी असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. बीजांड उशिरा सुटलं असेल तर आठवड्यांचा हिशेब चुकतो आणि चांगला गर्भही लहान दिसतो. थांबणं जिवावर येतं, पण ते गर्भाच्या बाजूनं असतं.


मोगरा_मानेवाडा
४ ऑगस्ट, रात्री १०.१५

‘त्याला अजून कळलेलं नव्हतं.’ हे वाचून खूप रडले. मग आईला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे पोत्याचं काही नाही ना? नाही, म्हटलं.


पारिजात_वर्धारोड
५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

डॉक्टर, माझ्या डिस्चार्ज कार्डावर ‘मिस्ड अबॉर्शन’ लिहिलंय. सासऱ्यांनी वाचलं आणि घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. त्यांना वाटलं मी पाडून घेतलं. नवऱ्यानं समजावलं तेव्हा थांबलं. या शब्दाला दुसरा शब्दच नाही का?


इतवारीची_बाई
५ ऑगस्ट, दुपारी १.००

मी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. पारिजात, आपल्याकडे शब्द होता. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चौथ्या महिन्यापर्यंत जे जातं त्याला गर्भस्राव म्हटलंय, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात जातं त्याला गर्भपात. स्राव या शब्दात कुणी काही केलं असा अर्थच येत नाही. बोलताना आपण दोन्हींना गर्भपात म्हणू लागलो आणि बाई पाडून घेते त्यालाही तोच शब्द लावला. ‘पडलं’ आणि ‘पाडलं’ यांत एका कान्याचा फरक आहे, पण त्या एका कान्यानं सगळा भार बाईवर येतो. घरात सांगताना ‘गर्भ पडला’ असं स्पष्ट म्हणा. अशा वेळी लाजू नये.


डॉ_वैदर्भी
५ ऑगस्ट, दुपारी ४.१०

डॉक्टरी भाषेत अबॉर्शन म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या आधी गरोदरपण संपणं, आपोआप असो वा करवलेलं. ‘मिस्ड’ म्हणजे वाढ थांबली, पण गर्भ आतच राहिला. हल्ली आपोआप झालेल्याला मिसकॅरेज लिहायची पद्धत वाढते आहे. पारिजात, कार्डावर तसं लिहून मागण्यात काही गैर नाही. पण कार्ड जपून ठेव, फाडू नकोस. पुढच्या वेळी त्यावरचे आठवडे, लांबी, रक्तगट हे सगळं लागतं.

रक्तगटावरून: ज्यांचा निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, त्यांनी अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) डॉक्टरांना त्याच वेळी विचारावं. द्यायचं असेल तर ते ७२ तासांच्या आत देतात. अगदी लवकरच्या आठवड्यांत गरज आहे का, हे किती आठवडे झाले आणि कोणता उपचार घेतला यावर ठरतं. विचारायचं मात्र विसरू नका.


गोधनी_ताई
५ ऑगस्ट, रात्री ९.००

मग खरंच काय टाळायचं? माझी नणंद आत्ता सातव्या आठवड्यात आहे, घरच्यांनी तिला खाटेवरून उठू द्यायचं बंद केलंय.


डॉ_वैदर्भी
६ ऑगस्ट, सकाळी ८.२०

तिला उठू द्या. पडून राहिल्यानं गर्भपात टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दिवसचे दिवस हालचाल नसली तर पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका मात्र वाढतो. चालणं, जिने, घरकाम, नोकरी, प्रवास, नवराबायकोचा संबंध, यांमुळे नेहमीच्या गरोदरपणात गर्भ पडत नाही. पिकलेल्या पपईनंही नाही. कच्च्या पपईचा चीक टाळा म्हणतात, ते टाळायला सोपंच आहे, टाळा.

टाळायचं ते वेगळंच आहे आणि त्यावर घरात कुणी बोलत नाही. तंबाखू. सिगारेट, बिडी आणि आपल्या विदर्भातला खर्रा. धूम्रपानानं गर्भपाताचा धोका वाढतो. तोंडातल्या तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं, मूल पोटातच जाण्याचा धोका वाढतो. दारू नको. मधुमेह, थायरॉईड हाताबाहेर असतील तर आधी आटोक्यात आणा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोईनच्या गोळ्या सुरू असतील तर दिवस राहू देऊ नका. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो दिवस जायच्या आधीपासून. ते पाठीच्या कण्याच्या दोषांसाठी आहे, गर्भपात थांबवायला नाही. आणि आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी नवराबायको दोघांचीही करून घ्या. वाहक असणं हे गर्भपाताचं कारण समजू नका, पण दोघंही वाहक असाल तर बाळासाठी ते आधी कळलेलं बरं.


दक्षिण_नागपूरकर
६ ऑगस्ट, रात्री ११.५०

या धाग्यावर पुरुषानं लिहिलेलं चालेल का? वाचून राहवलं नाही.

आमचं दोन वर्षांपूर्वी झालं, सातवा आठवडा. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी बायकोला गाडीवर मागे बसवून आणत होतो. सिमेंट रोडचं काम सुरू होतं, जुन्या आणि नव्या रस्त्याच्या मध्ये चांगली वीतभर पायरी होती, मला अंधारात दिसली नाही. गाडी आपटली. ती ‘आई गं’ म्हणाली, आणि हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही मार लागला का. बायको नाही म्हणाली. मी मध्ये बोललो नाही. दोन वर्षं मी तिला किंवा कुणालाच सांगितलं नाही की तो खड्डा मला रोज आठवतो. आता तिथं रस्ता गुळगुळीत झालाय, तरी मी फिरून जातो.

डॉक्टर, त्यानं झालं का?


डॉ_वैदर्भी
७ ऑगस्ट, सकाळी ६.४५

नाही दादा. सातव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत खोल असतं आणि गर्भ भोवतीच्या पाण्यात एका सेंटिमीटरच्या आसपासचा. गाडीच्या आपटण्यानं तो सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी रक्त दिसलं तर बहुतेक वेळा वाढ त्याआधीच थांबलेली असते, शरीराला बाहेर टाकायला एक-दोन आठवडेही लागतात. पुढच्या महिन्यांत पोटावर जोराचा मार ही वेगळी गोष्ट.

हे आज बायकोला सांगा. तिच्याही मनात तो खड्डा असू शकतो.


दक्षिण_नागपूरकर
७ ऑगस्ट, रात्री १०.०५

सांगितलं. तिच्या मनात खड्डा नव्हता. तिच्या मनात दुसरंच होतं, त्या आठवड्यात तिनं केसांना रंग लावला होता. दोन वर्षं आम्ही एका घरात दोन वेगळे गुन्हे कबूल न करता राहत होतो.


काटोलची_सून
९ ऑगस्ट, दुपारी २.३०

हा धागा मी आजेसासूबाईंना वाचून दाखवला. त्या ८० च्या पुढच्या आहेत. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

‘मले तवा कोनी काई सांगतलं नाई माय. तिसरा महिना व्हता. संत्र्याच्या बगीच्यात इहीर व्हती, तिथून पानी आनत व्हती. सासू म्हने, घागर उचलली म्हनून गेलं. मंग चार पोरं झाली मले, चारी वक्ताले घागर उचललीच, पानी कोन आननार? पोरं काहून नाई गेली मंग? हे मले कदी सुचलंच नाई पाय. आज तू वाचलं तवा सुचलं.’

मग म्हणाल्या, ‘त्या डाक्टरीन बाईले सांग, म्या आयकलं.’


सई_एचआर
१० ऑगस्ट, सकाळी ११.१५

मोगरा, नोकरी करतेस असं दिसतंय, रजा कोणती घेतलीस? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती, झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तिच्यातही ही सहा आठवड्यांची तरतूद ठेवलेली आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत वाढते. केंद्र सरकारच्या नोकरीत नियम वेगळा, पूर्ण सेवाकाळात मिळून ४५ दिवस, आणि आधी मुलं किती आहेत याची अट नाही.


मोगरा_मानेवाडा
१० ऑगस्ट, दुपारी १.४०

मला हे माहीतच नव्हतं. ऑफिसमध्ये म्हणाले सिक लीव्हमध्ये बसवून घ्या, चार दिवस शिल्लक होते, पाचव्या दिवशी मी कामावर. गोळ्यांनंतरचं रक्त तेव्हा सुरूच होतं. मशीनच्या आवाजात कोणाला माझं रडणं ऐकू येत नव्हतं, तेवढं बरं होतं.

गोळ्यांबद्दल लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर घाबरले नसते. माझ्या डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. वाट बघणं, गोळ्या, किंवा पिशवी साफ करणं. मी गोळ्या निवडल्या. ‘पाळीसारखं दुखेल’ म्हणाल्या होत्या. पाळीसारखं अजिबात नव्हतं, चार तास कळा होत्या, गाठी पडल्या, मी बाथरूमच्या फरशीवर बसून होते आणि नवरा दाराबाहेर. त्यानंतर दुखणं एकदम उतरलं. रक्त बारा दिवस होतं. तिसऱ्या आठवड्यात घरी टेस्ट केली, एकच रेष आली, त्या रेषेकडे कितीतरी वेळ बघत होते. पाळी सहाव्या आठवड्यात आली.


डॉ_वैदर्भी
१० ऑगस्ट, सायंकाळी ६.००

मोगरानं लिहिलं ते जवळपास नेहमीचं आहे. पण हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: लागोपाठ दोन तास, तासाला दोन-दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप आला, घाण वास येत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघू नका. मेडिकल, मेयो, डागा ही नागपूरची सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं कुठलंही, रात्रीच जा. आणि गरोदरपणात एका बाजूला सारखं दुखतंय, खांदा दुखतोय, तर गर्भ नळीत असू शकतो. तो वेगळा आणि जिवावरचा प्रकार आहे.

पिशवी साफ करायची असेल तर हल्ली ओढून घेण्याची, म्हणजे सक्शनची पद्धत वापरतात. जुन्या खरवडण्याच्या क्युरेटिंगपेक्षा ती सुरक्षित. कोणती करणार आहात हे विचारायला संकोच नको.


केतकी_तिसऱ्यांदा
११ ऑगस्ट, रात्री ८.३०

माझे तीन झाले म्हणून हे नाव. पहिल्यानंतर कुठल्याच तपासण्या नकोत म्हणाले आणि ते बरोबरच होतं, एकदा झालेल्या बहुतेक जणींचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं. पण दुसऱ्यानंतरही मला ‘बॅड लक’ सांगून घरी पाठवलं, आणि तिसऱ्यानंतर टॉर्च नावाच्या, काही जंतुसंसर्ग शोधणाऱ्या तपासणीवर पैसे गेले, जिचा वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधायला उपयोग नसतो हे मला नंतर कळलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं. दोघांची गुणसूत्रं, थायरॉईड, साखर, पिशवीत पडदा आहे का, आणि रक्ताच्या गुठळ्या करू शकणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी. ही शेवटची पॉझिटिव्ह आली. ती १२ आठवड्यांनी परत करावी लागते, दोन्हीदा आली तरच धरतात. दोन्हीदा आली.

मग पुढच्या वेळी ॲस्पिरिन आणि रोज पोटावर हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. नवरा द्यायचा, त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायचा. मुलगी आता दीड वर्षाची आहे. हे लिहावं की नाही असा दोनदा विचार केला, ज्यांचं अजून झालेलं नाही त्यांना ते वाचणं जड जातं हे मला माहीत आहे. दोन किंवा जास्त झाले असतील त्यांनी तपासणी मागा, एवढ्यासाठीच लिहिलं.


धागा_संचालक
१२ ऑगस्ट, सकाळी ९.००

कृपया औषधांचे डोस एकमेकींना सुचवू नका. बाकी सगळं लिहा.


नवीन_सभासद
१३ ऑगस्ट, रात्री १.१०

मी आजपर्यंत इथं फक्त वाचत होते. आज माझी सोनोग्राफी झाली. सहा आठवडे पाच दिवस. थैली १८ मिलिमीटर, आत काही दिसलं नाही असं लिहिलंय. रिपोर्ट देणाऱ्या मुलीनं सांगितलं की संपलंय, डॉक्टरांना दाखवून साफ करून घ्या. माझ्या डॉक्टर बाहेरगावी आहेत. दुसरीकडे उद्याच दाखव म्हणतात घरचे. मिस्टर पुण्याला असतात. मी नंदनवनला राहते. मला काय करावं कळत नाहीये. आज सकाळी मी दोन माळे चढून गेले होते, लिफ्ट बंद होती.


मोगरा_मानेवाडा
१३ ऑगस्ट, रात्री १.२२

जागी आहेस ना? मी पण आहे.

दोन माळ्यांचा काही संबंध नाही. ते आधी मनातून काढ.

१८ म्हणजे २५ च्या खाली आहे. वर डॉक्टरांनी लिहिलंय ते परत वाच. आज कुणीच ठरवू शकत नाही, संपलंय असंही नाही आणि नाही असंही नाही. रक्त किंवा दुखणं काही नसेल तर उद्या कुणाकडेही घाईनं साफ करायला जाऊ नकोस. उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन कर, रिपोर्टचा फोटो पाठव, आणि पुन्हा सोनोग्राफी कधी करायची ते विचार. एका बाजूला दुखायला लागलं किंवा रक्त दिसलं तर वाट बघायची नाही, रात्री कितीही वाजलेले असोत.


नवीन_सभासद
१३ ऑगस्ट, रात्री १.३०

नाही, दुखत नाहीये. रक्त पण नाही.

परत एकटीनं जायची हिंमत नाही माझ्यात.


मोगरा_मानेवाडा
१३ ऑगस्ट, रात्री १.३१

एकटी नाही जाणार. मानेवाड्याहून नंदनवन मला दहा मिनिटं. तारीख आणि वेळ कळली की मला खासगी निरोप पाठव, मी सुट्टी टाकून ठेवते.